ओतीव मॅग्नेशियममध्ये ग्रेन बारीक करताना: मिश्रणातील भर कशी निवडावी आणि कशी वापरावी

मॅग्नेशियमच्या ओतीव भागात ग्रेन, म्हणजे धातूचे स्फटिककण, भरड राहिले तर नुकसान एकाच ठिकाणी थांबत नाही. साच्यातच गरम तडे जाण्याची शक्यता वाढते, सूक्ष्म पोकळ्या एका जागी गोळा होतात आणि तयार भागाची ताकद व ताणून वाढण्याची क्षमता दोन्ही घटतात. अ‍ॅल्युमिनियमपेक्षा मॅग्नेशियममध्ये हा प्रश्न अधिक तीव्र आहे, कारण मॅग्नेशियमची स्फटिकरचना षट्कोनी असून सामान्य तापमानाला तिच्यात सहज सरकू शकणारी प्रतले थोडी असतात. त्यामुळे ग्रेनच्या सीमा विरूपणाला फार प्रभावीपणे अडवतात. ग्रेनच्या आकारावरून ताकदीचा अंदाज देणाऱ्या हॉल-पेच सूत्रातील गुणांक अ‍ॅल्युमिनियमसाठी साधारण 70 च्या आसपास धरला जातो, तर मॅग्नेशियमसाठी तो बहुधा 200 ते 300 (मेगापास्कल गुणिले मायक्रॉनचे वर्गमूळ) असतो. हा गुणांक 250 धरून हिशेब केला तर ग्रेन 200 मायक्रॉनवरून 50 मायक्रॉनवर आणल्याने, दुसरे काहीही न बदलता, सुमारे 18 मेगापास्कलची भर पडते.

हे मार्गदर्शन वाळूचे साचे, धातूचे कायमस्वरूपी साचे, कमी दाबाचे ओतकाम आणि बिलेट (पुढील घडणीसाठीचे ओतीव ठोकळे) ओतणे यांच्यासाठी आहे. उच्च दाबाच्या डाय कास्टिंगमध्ये रस, म्हणजे वितळलेला धातू, इतक्या वेगाने गोठतो की ग्रेन आपोआप बारीक येतात, म्हणून तेथे वेगळ्या भरीची गरज सहसा पडत नाही.

आधी दोन कामे वेगळी ओळखा

रसात घातलेले मूलद्रव्य ग्रेनवर दोन वेगवेगळ्या मार्गांनी परिणाम करते, आणि या दोन मार्गांची गल्लत हेच बहुतेक फसलेल्या प्रयोगांचे मूळ असते असे माझे मत आहे. पहिला मार्ग विरघळलेल्या मूलद्रव्याचा आहे. गोठणाऱ्या ग्रेनच्या पुढ्यात हे मूलद्रव्य साचते, तेथील द्रवाचे गोठण्याचे तापमान बदलते, ग्रेनची वाढ मंदावते आणि त्या मंदावलेल्या पट्ट्याच्या पलीकडे नवा ग्रेन जन्मण्याइतके अतिशीतन (गोठण्याच्या तापमानाखाली थंड होणे) तयार होते. दुसरा मार्ग न विरघळलेल्या घन कणांचा आहे. ज्यांची स्फटिकरचना मॅग्नेशियमशी जुळते असे कण नव्या ग्रेनसाठी बीज होतात. बीज नसेल तर वाढ कितीही मंदावली तरी नवा ग्रेन जन्मायला जागा नसते; उलट बीज भरपूर असूनही वाढ रोखणारे मूलद्रव्य नसेल तर आधी जन्मलेले ग्रेन झपाट्याने वाढतात आणि उरलेली बीजे वापरली जाण्याआधीच त्यांना गिळून टाकतात.

पहिल्या मार्गाची ताकद मोजायला वाढ-अवरोध गुणांक वापरतात. लिक्विडस रेषेचा (ज्या तापमानाला रस गोठू लागतो ते दाखवणाऱ्या रेषेचा) उतार, घन व द्रव यांच्यातील वाटपाच्या प्रमाणातून एक वजा करून येणारी संख्या, आणि मूलद्रव्याचे वजनी टक्के यांचा तो गुणाकार असतो. दर टक्क्यामागे हे मूल्य झिर्कोनियमसाठी सुमारे 38, कॅल्शियमसाठी 12, सिलिकॉनसाठी 9, जस्तासाठी 5.3, अ‍ॅल्युमिनियमसाठी 4.3, स्ट्रॉन्शियमसाठी 3.5, सिरियमसाठी 2.7, यिट्रियमसाठी 1.7 आणि कथिलासाठी 1.5 इतके येते. तुमच्या मिश्रधातूत विरघळलेल्या प्रत्येक मूलद्रव्याचे टक्के त्याच्या मूल्याने गुणून बेरीज करावी. एझेड 31 या मिश्रधातूमध्ये 3 टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि 1 टक्का जस्त असल्याने बेरीज सुमारे 18 येते, तर 9 टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि 0.7 टक्के जस्ताच्या एझेड 91 मध्ये ती सुमारे 43 होते. ही बेरीज सरळ रेषेच्या गृहीतकावर उभी असल्यामुळे जास्त टक्क्यांना ती ढोबळच समजावी. तरीही तिच्यावरून एक निर्णय नक्की करता येतो. बेरीज आधीच 30 ते 40 च्या वर असेल तर वाढ रोखणारे आणखी मूलद्रव्य घालून फारसे हाती लागत नाही, आणि मग सगळे लक्ष बीजांकडे वळवावे लागते.

अ‍ॅल्युमिनियमचे वर्तन हेच दाखवते. शुद्ध मॅग्नेशियममध्ये अ‍ॅल्युमिनियम वाढवत नेले की सुमारे 5 टक्क्यांपर्यंत ग्रेनचा आकार झपाट्याने उतरतो आणि त्यापुढे जवळपास स्थिर राहतो. स्ट्रॉन्शियमही शुद्ध मॅग्नेशियममध्ये आणि कमी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंत चांगला परिणाम देते, पण 9 टक्के अ‍ॅल्युमिनियमच्या रसात त्याचा प्रभाव नगण्य ठरतो, कारण तेथे वाढ रोखण्याचे काम अ‍ॅल्युमिनियमने आधीच केलेले असते.

पहिली पायरी: रसात अ‍ॅल्युमिनियम आहे का?

भर निवडण्याआधी हा एकच प्रश्न विचारावा, कारण येथून वाट दुभंगते. अ‍ॅल्युमिनियम नसेल तर झिर्कोनियम हे जवळपास निर्विवाद उत्तर आहे. अ‍ॅल्युमिनियम असेल तर झिर्कोनियम विसरावे, कारण ते अ‍ॅल्युमिनियमशी संयुग बनवून तळाला बसते आणि ग्रेन बारीक करण्यासाठी उरत नाही. मँगनीज, सिलिकॉन, लोह, कथिल, निकेल आणि अँटिमनी हेसुद्धा झिर्कोनियमला असेच बांधून टाकतात. जस्त, रेअर अर्थ मूलद्रव्ये, यिट्रियम, चांदी आणि कॅल्शियम मात्र त्याच्या आड येत नाहीत, म्हणूनच झेडके 60, झेडई 41, डब्ल्यूई 43 यांसारख्या मिश्रधातूंची उभारणी झिर्कोनियमच्या आधारावर झाली आहे.

झिर्कोनियमची वाट

झिर्कोनियमचा हा गुण जर्मनीत झाउअरवाल्ड यांनी 1937 मध्ये ओळखला. त्याची कारणे आता बरीच स्पष्ट आहेत. दोन्ही धातूंची रचना षट्कोनी असून मॅग्नेशियमच्या जाळीची मापे 0.3209 आणि 0.5211 नॅनोमीटर, तर झिर्कोनियमची 0.3232 आणि 0.5147 नॅनोमीटर आहेत, म्हणजे एका दिशेने फरक 0.7 टक्के आणि दुसऱ्या दिशेने 1.2 टक्के. इतके जुळणारे बीज क्वचितच मिळते. त्यात भर म्हणजे वाढ रोखण्याची त्याची ताकद सर्व नेहमीच्या मूलद्रव्यांत सर्वाधिक आहे. एकच मूलद्रव्य दोन्ही कामे करते, आणि एरवी मिलिमीटरच्या मापात जाणारे ग्रेन साध्या थंड होण्याच्या वेगालाही 50 मायक्रॉनच्या आसपास येऊ शकतात.

अडचण विद्राव्यतेची आहे. मॅग्नेशियमच्या रसात गोठणबिंदूच्या आसपास झिर्कोनियम जेमतेम 0.5 ते 0.6 टक्के विरघळते. पूर्वी फक्त विरघळलेले झिर्कोनियमच कामाचे असे मानले जाई, परंतु न विरघळलेले, विशेषतः 1 ते 5 मायक्रॉनचे कणही बीज म्हणून काम करतात हे पुढच्या अभ्यासांतून दिसून आले. म्हणून विरघळलेले आणि एकूण अशा दोन्ही झिर्कोनियमचा हिशेब ठेवावा लागतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळणारा भाग पहिल्याचा अंदाज देतो, आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाची जोड दिल्यावर सर्व भाग विरघळून एकूण आकडा मिळतो.

प्रत्यक्ष क्रम असा ठेवावा. जस्तासारखी इतर मूलद्रव्ये घालून, रस स्वच्छ करून आणि मळी काढून झाल्यावरच झिर्कोनियमची पाळी येते. ते शुद्ध धातूच्या रूपात न घालता मॅग्नेशियम-झिर्कोनियम मास्टर अलॉयच्या (भरीसाठी आधीच बनवलेल्या, जास्त झिर्कोनियम असलेल्या मिश्रधातूच्या) रूपात घालावे. साधारण एक तृतीयांश झिर्कोनियम असलेला मास्टर अलॉय सर्रास वापरला जातो. हाती लागणारे प्रमाण कमी असल्यामुळे रसाच्या वजनाच्या सुमारे 1 टक्का झिर्कोनियम धरून चालावे, म्हणजे 100 किलो रसाला असा 3 किलो मास्टर अलॉय लागेल. रसाचे तापमान 760 ते 800 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात असू द्यावे. मास्टर अलॉयचे तुकडे कोरडे आणि आधी गरम केलेले असावेत. ते सच्छिद्र टोपलीतून रसाच्या मधल्या पातळीवर धरून विरघळू द्यावेत, कारण नुसते टाकले तर ते तळाशी जाऊन गाळात अडकतात. त्यानंतर तळापर्यंत पोहोचेल असे, पण पृष्ठभाग फोडणार नाही असे, काही मिनिटे नीट ढवळावे.

ढवळण्यानंतर रस किती वेळ स्थिर ठेवायचा, हा या सबंध वाटेवरील सर्वांत नाजूक निर्णय आहे. घन झिर्कोनियमची घनता सुमारे 6.5, तर रसाची 1.6 च्या आसपास असते, त्यामुळे कण खाली बसणारच. स्टोक्सच्या नियमाने हिशेब केला तर 2 मायक्रॉन व्यासाचा कण मिनिटाला जेमतेम अर्धा मिलिमीटर उतरतो, 5 मायक्रॉनचा सुमारे 3 मिलिमीटर, आणि 10 मायक्रॉनचा तब्बल 13 मिलिमीटर. वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे 30 सेंटिमीटर खोल मुशीत 10 मायक्रॉनचे कण बावीस-तेवीस मिनिटांत तळ गाठतात, तर 2 मायक्रॉनचे कण तासाभरानंतरही बहुतांशी तरंगतच असतात. याचा अर्थ असा की दहा-पंधरा मिनिटे थांबल्याने भरड कण आणि मळी खाली बसते आणि कामाचे बारीक कण वर राहतात, पण तासन् तास थांबल्यास 5 मायक्रॉनच्या आसपासचे उपयोगी कणही गमावले जातात. शिवाय बारीक कण एकमेकांना चिकटून गठ्ठे झाले तर ते गठ्ठ्याच्या आकाराच्या वेगाने बसतात, म्हणून वरचा हिशेब उत्तम परिस्थितीचा समजावा. थांबणे लांबले तर ओतण्याआधी पुन्हा ढवळून, थोडे स्थिरावू देऊन मगच ओतावे. मुशीच्या तळचा गाळ साच्यात जाऊ देऊ नये. तेथे झिर्कोनियमचे गठ्ठे असतात आणि ते भागात दोष म्हणून उतरतात.

रस स्थिर ठेवण्यात दुसराही तोटा आहे. पोलादी मुशीतून लोह रसात उतरते आणि तेच लोह झिर्कोनियमला बांधते. तापमान जितके जास्त आणि वेळ जितका लांब, तितका हा तोटा मोठा. हायड्रोजनही झिर्कोनियमशी संयुग बनवतो, त्यामुळे ओलसर कच्चा माल वापरल्यास झिर्कोनियम वाया जाते. तापमान वाढवले की विद्राव्यता वाढते हे खरे, परंतु 800 अंशांच्या वर पोलादी मुशीत जाण्याचा मोह टाळावा असे मला वाटते. जे मिळते त्याहून अधिक लोहापायी जाते.

अ‍ॅल्युमिनियमची वाट

एझेड 91, एएम 60 यांसारख्या मिश्रधातूंना झिर्कोनियमच्या तोडीचे, सर्व परिस्थितींत भरवशाचे सूक्ष्मीकारक द्रव्य अजून मिळालेले नाही, आणि हे आधीच मान्य केल्याने पुढची निराशा वाचते. उपलब्ध मार्गांत कार्बन देणे हा सर्वांत व्यवहार्य आहे. कार्बन अ‍ॅल्युमिनियमशी संयोग पावून कार्बाइडचे सूक्ष्म कण बनवतो आणि तेच बीज ठरतात. ते कण अ‍ॅल्युमिनियम कार्बाइडचे की अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम कार्बाइडचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. हा मतभेद रेंगाळण्यामागचे एक कारण मोठे व्यावहारिक आहे: अ‍ॅल्युमिनियम कार्बाइड पाण्याच्या संपर्कात विघटित होते, त्यामुळे नमुना पाण्याने घासला तर पुरावाच धुऊन जातो.

कार्बनसाठी रसात पुरेसे अ‍ॅल्युमिनियम हवे; 2 ते 3 टक्क्यांच्या खाली हा मार्ग भरवशाचा नाही. कार्बन देणारे द्रव्य म्हणून पूर्वी हेक्झाक्लोरोइथेनच्या वड्या सर्रास वापरल्या जात. त्या रसात बुडवल्या की निघणारे वायू रस ढवळतात आणि हायड्रोजनही काही प्रमाणात बाहेर नेतात, परंतु त्यांतून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतात, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. मॅग्नेशियम कार्बोनेट, कॅल्शियम कार्बाइड, बारीक ग्रॅफाइट आणि सिलिकॉन कार्बाइड हे पर्याय आहेत. सिलिकॉन कार्बाइडचे कण रसात टिकत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन त्यांच्यापासून कार्बाइड बनते आणि सिलिकॉन रसात सुटते. कार्बनचे द्रव्य कोणतेही असो, ते आधी वाळवावे, घंटेच्या आकाराच्या छिद्रित साधनाने रसाच्या तळाजवळ नेऊन धरावे, बुडबुडे थांबेपर्यंत थांबावे, मळी काढावी आणि थोडे स्थिरावू देऊन ओतावे. रसाचे तापमान साधारण 730 ते 780 अंश ठेवणे सोयीचे ठरते. कोरडी भुकटी मात्र नुसती रसावर टाकू नये, कारण रस तिला ओला करत नाही आणि ती मळीबरोबर निघून जाते.

दुसरा जुना मार्ग अतितापनाचा आहे. रस लिक्विडसच्या 150 ते 260 अंश वर नेऊन, थोडा वेळ ठेवून, झटकन ओतण्याच्या तापमानावर आणला की अ‍ॅल्युमिनियमयुक्त रसात ग्रेन बारीक येतात. त्यासाठी रसात थोडे लोह आणि मँगनीज असावे लागते. कमी तापमानावर रेंगाळले की परिणाम विरतो. इंधन, मुशीचे आयुष्य आणि जळण्याचा धोका पाहता मोठ्या रसासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही. फेरिक क्लोराइड घालण्याची जर्मन पद्धतही याच धारेतील आहे, पण तिने रसात लोह वाढते. गंजरोधक एझेड 91 डी मध्ये लोहाची मर्यादा 0.005 टक्के आहे. जेथे गंजाला महत्त्व आहे तेथे ही पद्धत बाद समजावी.

येथे अशुद्धींचे वर्तन समजून घेणे आवश्यक आहे, कारण अनेकदा भर बरोबर असूनही तीच परिणाम बिघडवते. अतिशय शुद्ध घटकांपासून केलेल्या मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियम रसात, कोणतीही भर न घालता, बाजारी शुद्धतेच्या रसापेक्षा बारीक ग्रेन येतात. शुद्ध मालावर केलेला प्रयोग म्हणूनच बाजारी मालाला जसाच्या तसा लागू करू नये. सर्वांत दुर्लक्षित शत्रू बेरिलियम आहे. रस जळू नये म्हणून त्याचे दहा लाखांत काही भाग मिश्रधातूत मुद्दाम घातलेले असतात, परंतु ते ग्रेन भरड करते आणि कार्बन व अतितापन दोन्हींचा परिणाम खाते. उच्च दाबाच्या डाय कास्टिंगसाठी बनवलेल्या विटा वाळूच्या साच्यासाठी वितळवत असाल तर पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर बेरिलियमचा आकडा आधी पाहावा. झिर्कोनियमचा अंशही या रसात नको.

कॅल्शियम वाढ चांगली रोखते आणि रसाचा पेट घेण्याचा धोकाही कमी करते, म्हणून ते मोहक वाटते. मात्र प्रमाण वाढले की गरम तडे आणि साच्याला चिकटणे सुरू होते. ग्रेनसाठी ते एक दशांश टक्क्याच्या पातळीवरच ठेवावे आणि वाढ आधीच रोखलेल्या उच्च अ‍ॅल्युमिनियम रसात त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये.

यिट्रियम किंवा गॅडोलिनियम भरपूर असलेल्या मिश्रधातूंसाठी अलीकडे एक वेगळी वाट सापडली आहे आणि मला ती फार आशादायक वाटते. सुमारे 10 टक्के यिट्रियमच्या रसात साधारण 1 टक्का अ‍ॅल्युमिनियम घातले की अ‍ॅल्युमिनियम व यिट्रियम यांच्या संयुगाचे कण रसातच जन्मतात आणि प्रभावी बीज ठरतात. हे कण उष्णता-उपचारातही टिकून ग्रेनच्या सीमांना धरून ठेवतात. मोबदल्यात काही यिट्रियम या कणांत खर्ची पडते आणि ताकद वाढवण्यासाठी कमी उरते, हे मिश्रण ठरवताना लक्षात घ्यावे. अशा रसात मग झिर्कोनियम घालू नये.

सुरक्षितता

रसात बुडणारी प्रत्येक वस्तू, मग ती ढवळणी असो, पळा असो, नमुन्याची वाटी असो वा मास्टर अलॉय, पूर्ण कोरडी आणि गरम असली पाहिजे. ओल रसाखाली गेली तर स्फोट होतो. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी कधीही टाकू नये. धातूंच्या आगीसाठी असलेली डी वर्गाची कोरडी भुकटी किंवा कोरडा फ्लक्स हाताशी ठेवावा. ढवळताना संरक्षक वायूचे आवरण फाटते, म्हणून त्या वेळी त्याचा पुरवठा वाढवावा. सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 23,500 पट तापमानवाढ घडवतो, त्यामुळे नव्या मांडणीत त्याला पर्याय निवडणेच योग्य.

परिणाम मोजणे

भर घालण्याआधी एक आणि घातल्यानंतर दर दहा ते पंधरा मिनिटांनी एक, असे नमुने घ्यावेत. वाटीचा आकार, तिचे तापमान, रसाचे तापमान आणि मुशीतील खोली प्रत्येक वेळी तीच असली पाहिजे, कारण थंड होण्याचा वेग बदलला की ग्रेन बदलतात आणि श्रेय चुकून भरीला मिळते. या नमुन्यांवरून परिणाम किती वेळात शिगेला पोहोचतो आणि कधी विरू लागतो याची रेषा काढता येते. ओतण्याची वेळ त्या रेषेवरूनच ठरवावी. थर्मोकपल उपलब्ध असेल तर थंड होण्याचा आलेखही घ्यावा. गोठणे सुरू होताना तापमान खाली जाऊन पुन्हा वर उसळते तो खड्डा उथळ असेल तर बीजे चांगली आहेत असे समजावे.

नमुना नेहमी त्याच उंचीवर कापावा, शेवटची पॉलिश पाण्याऐवजी अल्कोहोलने करावी आणि अ‍ॅसेटिक-पिक्रिक द्रावणाने ग्रेन उघडे करावेत. पिक्रिक आम्ल वाळले की स्फोटक होते, म्हणून ते कायम ओलसर ठेवावे. एझेड 91 सारख्या मिश्रधातूत ओतल्यानंतर लगेच सीमा नीट दिसत नाहीत. आधी 410 अंशांच्या आसपास दीर्घ द्रावण-उपचार (मूलद्रव्ये घन धातूत विरघळावीत म्हणून तापवून ठेवणे) केला की त्या स्पष्ट होतात. मग रेषा-छेद पद्धतीने (ठरावीक रेषा किती सीमांना छेदते ते मोजून) अनेक ठिकाणी मोजून सरासरी आणि तिच्यातील विखुरणे दोन्ही नोंदवावे. झिर्कोनियमच्या नमुन्यात ग्रेनच्या मध्यभागी झिर्कोनियमने समृद्ध गाभे दिसले तर बीजांनी काम केल्याची ती चांगली खूण आहे. गाभे दिसतात पण ग्रेन भरड आहेत, अशी स्थिती असेल तर बीजांची संख्या अपुरी पडली असण्याची शक्यता अधिक, आणि तेव्हा मास्टर अलॉय वाढवण्याआधी ढवळणे आणि थांबण्याचा वेळ तपासावा.

गेट (रस साच्यात नेणारी वाट), रायझर (राखीव रसाचा भाग) आणि नाकारलेल्या भागांचा परत वितळवायचा माल पहिल्या दिवसापासून वेगळ्या, खूण केलेल्या पेट्यांत ठेवावा. झेडके किंवा झेडई मालाचा एखादा तुकडा एझेडच्या रसात गेला तर कार्बनचा परिणाम धोक्यात येतो, आणि एझेडचा तुकडा उलट दिशेने गेला तर त्यातील अ‍ॅल्युमिनियम झिर्कोनियम काढून घेते. कापून ठेवलेल्या तुकड्यांचा रंग आणि वजन जवळपास सारखेच असल्यामुळे पेटीबाहेर पडलेला तुकडा डोळ्यांनी ओळखता येत नाही. अशा तुकड्याची स्पेक्ट्रोमीटरवर तपासणी झाल्याशिवाय तो कोणत्याही मुशीत टाकू नये.